जुन्या जागेवरचा देवमासा

बाबलकाकांनी होडीचं इंजिन मध्येच बंद केलं. थोड्या अंतरावर देवमाशाची काळीशार पाठ वर आली आणि एक लांब उसासा टाकून पुन्हा बुडाली. तो त्याच पट्ट्यात घुटमळत राहिला. दरवर्षी थंडीत तारली माशांचे थवे इथंच येतात, म्हणून काकाही वडिलांच्या वेळेपासून इथंच जाळं टाकतात. आज जाळं रिकामं वर आलं होतं. मी पाण्यात हात घातला, तर ते चक्क कोमट लागलं.

एवढा अवाढव्य जीव, पण त्याची भिस्त आठवणीवर. जिथं एकदा पोट भरलं, तिथं पुन्हा भरेल! मला समुद्राचाच राग आला. बदलायचं होतं, तर निदान सांगायचं तरी. मग वाटलं, पाणी काही त्यानं स्वतःहून तापवलेलं नाही.

शेवटी देवमासा खोल पाण्याकडे वळला. काकांनी इंजिन सुरू केलं आणि होडी त्याच्या मागं लांबून घातली.

"तिकडे मासे असतील?" मी विचारलं.

"माका म्हायत नाय," काका म्हणाले. "तेका पण म्हायत नाय."