फुट्टेवाल्या मॅडम

वडील फौजेतून निवृत्त झाले आणि नोएडात एका सोसायटीच्या गेटवर गार्ड म्हणून उभे राहिले. मला आणि आईला त्यांनी गावाहून बोलावून घेतलं. एक खोली, नळ तीन जिने खाली. आई दोन घरी पोळ्या लाटायची. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं आणि मी जाईन असं वाटण्यासारखं माझ्यातही काही नव्हतं. चौथीत बसवलं तेव्हा हिंदीचा एक शब्द येत नव्हता. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलीला लोक मंद धरतात. मलाही धरलं.

त्या सरकारी शाळेत प्रत्येक शिक्षकाच्या हातात लाकडी पट्टी असे. दिल्लीकडं तिला फुट्टा म्हणतात. बाकीच्यांचा फुट्टा पाठीवर पडायचा. विज्ञानाच्या मॅडमचा फुट्टा मात्र मोजायला होता. अंकुरलेला चणा, गांडूळ, माझी वेणी, कशालाही त्या तो लावायच्या. म्हणून पोरं त्यांना फुट्टेवाली मॅडम म्हणत. त्या ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या. त्या शाळेत माझं नाव पहिल्यांदा नीट उच्चारलं ते त्यांनीच.

एकदा एका मुलानं विचारलं, मुंग्या रांगेतच का जातात. "हमें क्या पता? चलो, उन्हीं से पूछते हैं," असं म्हणून मॅडम कडक इस्त्रीच्या साडीनिशी व्हरांड्यात पालथ्या झोपल्या. शेजारी आम्ही अख्खा वर्ग पालथा. त्यांनी रांगेची वाट मध्येच बोटानं पुसली. मुंग्या तिथं येऊन थबकल्या, इकडंतिकडं हिंडल्या, मग एकीला वाट सापडली आणि मागून सगळ्या आल्या. तेवढ्यात मुख्याध्यापिका आमच्यातून पाय जपत निघाल्या. "मैडम, साड़ी तो देखिए।" ह्या खालूनच म्हणाल्या, "साड़ी धुल जाएगी जी, चींटियाँ नहीं रुकेंगी।" शिकवता शिकवता जमिनीवर झोपणारं माणूस मी पुन्हा पाहिलेलं नाही.

त्यांचं सांगणं एकच असे: "जो दिखा, वो लिखो।"

नोव्हेंबरात त्यांनी मैदानात एक काठी रोवली. रोज बाराला एकानं तिची सावली मोजायची, भिंतीवरच्या कागदावर आकडा लिहायचा आणि पुढं आपलं नाव. थंडी वाढेल तशी सावली लांबत होती, रोज नखाएवढी.

त्याच आठवड्यात अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, घरी सांगून टाकलं होतं. "शनिवारी पालकांच्या मीटिंगला मॅडमना इचारतो. पोरगी शिकण्यासारखी असंल तर इथं. न्हाईतर दोघी गावाकडं जावा. काका हायत, शेळ्या हायत." शेळ्या म्हटल्यावर शाळा संपली, एवढं मला कळत होतं.

माझी पाळी शुक्रवारी आली आणि नेमका त्या दिवशी दिल्लीचा तो धूर खाली उतरला. सूर्य पापडासारखा पांढरा. काठी होती, सावली नव्हती. उद्या अण्णा तो कागद बघणार. मी गुरुवारच्या आकड्यात नखभर मिळवलं, आकडा लिहिला आणि पुढं नाव घातलं.

मॅडम कागदासमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग खिडकीबाहेर पाहिलं. मला जवळ बोलावून हळूच मराठीत म्हणाल्या, "आकडा बरोबर असणार, बेटा. मीही हाच सांगितला असता. पण तू तो पाहिलास का?"

"नाही."

"मग काय दिसलं?"

"काहीच नाही."

"अच्छा. मग तेच लिही."

मी आकडा खोडला आणि लिहिलं, 'सावली नाही'. त्या अख्ख्या कागदावर तेवढेच दोन शब्द मराठी होते.

शनिवारी अण्णा ड्युटीच्या कपड्यांतच आले. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "सगळ्यांनी आकडं लिवल्यात. हिनं न्हाई का?"

मॅडम माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सांग."

मी सगळं सांगितलं, खोट्या आकड्यासकट. मनात म्हटलं, निघालं गावाचं तिकीट.

अण्णा म्हणाले, "आमच्या गेटवरली पोरं टाकी न बघता वहीत 'फुल' लिवत्यात. पाणी संपलं की बोलणी मला." आणि एकदम विचारलं, "मॅडम, पोरगी हुशार हाय का?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी माझं काम झालं असतं.

"ते मला अजून दिसलेलं नाही, भाऊसाहेब," मॅडम म्हणाल्या. "खोडून खरं लिहिते, एवढं दिसलं. बाकीचं दिसायला अजून काही वर्षं लागतील. तेवढी तिला इथं राहू द्या."

अण्णांनी मान हलवली आणि ते ड्युटीवर गेले. शेळ्यांचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. एका मुलीचं सगळं एका शब्दावर आलेलं असतानाही त्या न पाहिलेलं बोलल्या नाहीत. एवढी ताकद मला पुढं कॉलेजातल्या मोठमोठ्या प्रोफेसरांतही दिसली नाही.

निवृत्तीनंतर त्या ग्वाल्हेरला गेल्या. माझ्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी मेट्रोतूनच फोन लावला. "मॅडम, झाले पास. मैत्रिणीनं सांगितलं."

"तू पाहिलास निकाल?"

"साइट उघडत नाहीये."

"मग आधी बघ. नंतर सांग." आणि फोन ठेवला.

साइट दोन तासांनी उघडली. मी डोळ्यांनी पाहिलं आणि मग त्यांना सांगितलं. तुम्हालाही तेच सांगते. बी.एस्सी., रसायनशास्त्र, पहिला वर्ग. आमच्या घराण्यातली पहिली पदवी.