उघडं राहिलेलं इंजिन

वडशात मोटारसायकल खोलून पुन्हा जुळवणारा मिस्त्री एकच, नूर मोहम्मद. तो भादव्यात तापानं गेला, तेव्हा त्याच्या ओसरीवर आरमोरीच्या केवळराम कंपाउंडरची गाडी इंजिनाचं टोपण काढून उभी होती. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण नूर मोहम्मदच्या वाट्याला तेही आलं नाही. दुसऱ्याची गाडी फोडून ठेवली न आपण निघून गेला, असं लोक म्हणाले. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

ही बोलणी ओसरीच्या बांबूपडद्याआडून त्याच्या बायकोला, सुरय्याला, ऐकू येत. ती इद्दतीत होती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस विधवेनं परपुरुषासमोर यायचं नाही, दागिना घालायचा नाही, उंबरा ओलांडायचा नाही. तिचा बाप लाखेच्या बांगड्या वळणारा. लग्नात त्यानं स्वतः वळलेल्या चमकीच्या बांगड्या तिनं मयतीच्या दिवशी उतरवून फडक्यात बांधल्या होत्या.

ती गाडी म्हणजे लढाईतून लिलावात निघालेलं जुनं धूड. केवळराम तिच्यावर हिवतापाच्या गोळ्या बांधून जंगलातली गावं फिरायचा. टोपणाखालचं पॅकिंग गेलं, गरम तेल पिंढरीवर उडू लागलं, वरून व्हॉल्व खडखडायला लागले, म्हणून त्यानं ती नूर मोहम्मदकडे टाकली. आणि त्याच रात्री नूर मोहम्मदला थंडी वाजली. निरोप मिळताच केवळराम गोळ्या घेऊन निघाला, पण चिखलातून, बैलगाडीनं. पोचला तेव्हा ताप डोक्यात चढला होता. गाडी धड असती तर तो कितीतरी आधी आला असता. हे त्याला कळत होतं आणि सुरय्यालाही. पण कोणीच तोंडातून काढलं नाही.

आश्विन लागला तशी गावोगाव माणसं तापानं फणफणू लागली. एका सकाळी केवळराम ओसरीवर आला. सुरय्याची सासू खुर्शीदाबी पडद्याबाहेर सुपारी कातरत बसली होती.

"अम्मा, गाडी रेल्वेनं नागपूरले धाडून राह्यलो. महिना लागन का दोन, सांगता येत नाई. मंग तोवर पायीच."

पडद्याआडून आवाज आला, "गाडी नेऊ नका, भाऊ. इथीच जमते."

खुर्शीदाबीचा अडकित्ता थांबला. इद्दतीतली सून परक्याशी बोलते, हे त्या घरात कधी घडलं नव्हतं. पण म्हातारीनं आपल्या मांडीवर पोराला घरघरताना पाहिलं होतं आणि त्या रात्री रस्त्याकडे कान लावून तीच बसली होती. तिनं अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाली, "पर्दा गिरा रहेगा. बोल ले."

सुरय्याला हे येतं कसं, असं कोणाला वाटेल. नूर मोहम्मदनं शिकवायचं म्हणून काही शिकवलं नव्हतं. पण लग्नापासून ती त्याच पडद्याआड शिवण घेऊन बसे आणि तो काम करता करता बडबडे. काही नवरे घरी येऊन मुके होतात, याचं तोंड इंजिन उघडलं की उघडायचं. पॅकिंग मात्र तीच कापी, कारण कात्रीला तिचा हात त्याच्यापेक्षा सरळ होता. जाड कागद कापायचा, तेलात भिजवायचा, मग दोन्ही अंगांना स्पिरिटात विरघळवलेली लाख लावून टोपण बसवायचं, ही त्या घरची रीत.

कामट्यांच्या फटीतून तिला केवळरामचे हात दिसत होते.

"गाडी थंडी पडली आहे, ते बरं; गरम इंजिनात हे माप चुकते. मंग आधी चाक फिरवा. दोन्ही व्हॉल्व मिटू द्या. आता लहान नट ढिला करा, स्क्रू फिरवा. व्हॉल्व उचलनारी दांडी बोटांत फिरली पाहिजे, पन वरखाली हालली नाई पाहिजे."

"किती फिरली पाहिजे?"

"तुमी नाडी पाहता न, भाऊ? तशी धरा. दाबू नका."

त्यानं नट आवळला. "झालं."

"नाई झालं. नटासंगं स्क्रूही फिरला. परत करा."

त्यानं परत केलं. तिसऱ्यांदाही केलं. माणूस चिडका नव्हता, हे नशीब.

पॅकिंग तिनं कापून ठेवलंच होतं. पण लाखेचा डबा उघडला तर रिकामा. नूर मोहम्मद बाजारातून आणतो म्हणाला होता, आणि राहून गेलं. केवळराम उठू लागला, "मी पाहतो दुकानात."

"थांबा," ती म्हणाली. "तुमच्या पेटीतलं स्पिरिट द्या फक्त."

आत खलबत्त्याचा आवाज झाला. मग स्पिरिटाचा वास बाहेर आला. खुर्शीदाबीनं पडदा जरासा उचलून आत पाहिलं आणि सोडून दिला. तिनं पदर डोळ्यांना लावला.

दुपारी उशिरा पडद्याखालून वाटी सरकली. मलमलीतून गाळलेलं दाट, तांबूस पाणी. तळाला चमकीचा एक कण राहिला होता. केवळरामनं तो पाहिला आणि वर पाहिलं, पण पडदा पडलेलाच होता.

"लाखच आहे, भाऊ," आतून आवाज आला. "पातळ लावा. पक्की धरते."

लाख वाळू देऊन, टोपण कसून, त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी किक मारली. तिसऱ्या किकेला इंजिन धडधडलं. तेलाचा थेंब नव्हता. वरून बारीक टकटक येत होती.

"आवाज करते अजून. जरा कसू काय?"

"बोलू द्या त्याले. जो व्हॉल्व एकदम मुका झाला तो जळते, असं म्हनत ते."

केवळरामनं गोळ्यांची पेटी बांधली. निघताना घुटमळला. बोलायचं ते त्याला बोलता येईना, म्हणून दुसरंच विचारलं. "पुढं बिघडली त कोनाकडं आनू?"

खुर्शीदाबीनं जमिनीवर पसरलेले पोराचे नट आवळायचे पाने एकेक करून उचलले आणि पडद्याखालून आत सरकवले.

"इद्दत सरू द्या, भाऊ," सुरय्या म्हणाली. "मंग इथीच आना. पन गाडी रातभर थंडी झाल्याबिगर मी हात लावनार नाई."