तिच्या आवाजापुरती शांतता

ओरडायचं नाही आणि कुजबुजायचंही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुजबुजल्यानेही घशावर ताण येतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वीसेक वर्षं वर्गात मोठ्याने बोलून तिच्या स्वरयंत्रावर दोन बारीक गाठी आल्या होत्या. तीन महिने साध्या, हळू आवाजात बोला, गाठी बसल्या तर ठीक, नाही तर शस्त्रक्रिया, असं नागपूरच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. शस्त्रक्रियेनंतर आवाज पहिल्यासारखा होईल का, असं तिने विचारलं. त्यावर ते सरळ हो म्हणाले नाहीत.

शाळेसाठी कमरेला बांधायचा छोटा स्पीकर घेतला. मुलगी पुण्याला असते, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. टीव्ही बंद ठेवला. प्रश्न उरला तो गाडीचा.

आम्ही तुमसरला राहतो. तिची शाळा नाकाडोंगरीच्या अलीकडे आहे, आणि मी ज्या राईस मिलचा हिशेब पाहतो ती त्याच रस्त्यावर. सकाळी तिला शाळेत सोडून मी मिलवर मागे येतो, संध्याकाळी तिला घेऊन घरी. गाडी म्हणजे जुनी व्हॅन, पुढच्या सीटखालीच इंजिन असलेली. तिच्यात बसून बोलायचं तर ओरडायलाच लागतं, आणि आम्ही इतकी वर्षं ओरडूनच बोलत आलो होतो. मुलीचं लग्न, बायकोच्या आईचं दुखणं, माझा चष्मा, सगळं त्याच रस्त्यावर ठरलेलं. घरी पोचलं की ती स्वयंपाकाला लागते, मी मिलचे कागद काढतो.

आता ती काहीतरी बोलायची, मी "काय?" म्हणायचो, ती तेच जरा जोरात बोलायची आणि घशाला हात लावायची. आठवडाभराने तिने ते सोडून दिलं. मी "काय?" म्हटलं की हात हलवून सांगायची, "काही नाई, राहू द्या."

ते "राहू द्या" मला सहन होईना. एका संध्याकाळी मी फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. फोनचा आकडा अगदी बिनचूक नसतो, हे मला कळतं. पण तोच फोन, तोच रस्ता आणि बंद काचा ठेवल्या तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करता येते. साठच्या वेगाला एक्याऐंशी डेसिबल भरले.

भंडाऱ्याच्या एका दुकानात सगळी गाडी आतून मढवून देण्याचा भाव विचारला. त्या भावात आमच्या व्हॅनची निम्मी किंमत निघाली असती. मग मी आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो.

"आवाज कमी करायचा? काहून भाऊ?" तो म्हणाला. "आवाज हाये म्हणून त कळते का गाडी चालू हाये."

"मॅडमले जोरात बोलायचं नाई, डॉक्टरनं सांगतलं."

"मंग त तुमी नशीबवान हा," तो हसत म्हणाला. पण माझं तोंड पाहून त्याने पाना खाली ठेवला आणि सीट उचलून आत डोकावला. इंजिनच्या झाकणाचं रबर चपटं होऊन गेलं होतं, ते त्याने बदललं. मागे जॅक मोकळा हिंडत होता, तो बांधला. दारांच्या कडेचं रबर नवं आणून मी घरीच बसवलं. परत मोजलं तर अठ्ठ्याहत्तर.

पुढचं काम मी रविवारी स्वतःच्या हाताने केलं. दारांचे पत्रे थरथरतात म्हणून आतून चिकटपट्टीच्या जाड शीट लावल्या. खाली अंथरायला मिलमधून जुना बारदाना आणला. पोती झटकली, दोन-दोन पदर केले आणि मॅटखाली घातली. इंजिनच्या झाकणापासून मात्र लांब ठेवली, कारण तागाला आग लागायला वेळ लागत नाही. शाळा सुटल्यावर तिला घेताना मी मोठ्या अपेक्षेने फोन पुढे ठेवला. आकडा आला शहात्तर. मला वाटलं जमलं. पण ती बोलली आणि मी परत "काय?" म्हटलं.

ती हसली आणि बाहेर पाहत बसली.

मला वाईट वाटलं ते पैशाचं नाही, पैसे थोडेच गेले होते. डॉक्टरांकडे परत जायला पाच आठवडे राहिले होते. आणि ती मुकी होत चालली होती. घरीसुद्धा बोलायच्या आधी या गोष्टीसाठी आवाज खर्च करावा का, असा विचार करताना दिसायची.

त्यातच श्रावणात झड लागली. दोन दिवसांनी गाडीत कुबट वास यायला लागला. मी म्हटलं, ताग ओला झाला असेल, उन्ह पडलं की वाळेल.

त्या शुक्रवारी सकाळी आमच्या पुढे पऱ्ह्यांच्या पेंढ्या भरलेला ट्रॅक्टर होता. आमच्याकडे धानाची रोपं अशी पेंढ्या बांधून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, नेतात आणि तिथे चिखलात रोवतात. रस्ता अरुंद आणि समोरून खाणीचे ट्रक, त्यामुळे ओलांडता येईना. मी मागे मागे चाललो होतो. बायकोने पायाने मॅट जरा सरकवली, वाकून पाहिलं, आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

"अवो," ती म्हणाली, "आपली रोवणी कधी हाये?"

"कोणती रोवणी?"

"खाली पाहा न. पऱ्हे तयार झाले. मजूर सांगून ठेवा, मंग भेटत नाई."

मी गाडी बाजूला घेतली. तिच्या पायाशी, मॅटच्या कडेने, बोटभर उंचीचे पोपटी कोंब एका रांगेत उभे होते. बारदाना मी झटकला होता, पण त्याच्या शिवणीत धान राहिलं होतं. आणि दारांना शीट लावताना पाणी निघून जायची खालची छिद्रं मीच बुजवली होती. पाणी दारात साचलं, आत झिरपलं आणि पोत्यांना पुरलं.

"हिशेबात हे धरलं होतं का?" तिने विचारलं. तिला जोरात हसायची मनाई होती, म्हणून ती नुसती खांदे हलवत हसत होती, डोळ्यांत पाणी. मीही हसलो. हसता हसता लक्षात आलं की गाडी चालू असताना तिने चार वाक्यं म्हटली, आणि मी एकदाही "काय?" म्हटलं नाही.

पुन्हा निघालो तेव्हा मी मुद्दाम ट्रॅक्टरच्याच वेगाने चालवली. काटा चाळिसाच्या खाली होता. फोनवर अडुसष्ट.

माझ्या सगळ्या खटाटोपाने पाच डेसिबल कमी झाले होते, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा वर घेतल्याने आठ. रबर आणि शीट वाया गेल्या असं नाही. त्यांच्याशिवाय चाळिसालाही मला तिचं बोलणं समजलं नसतं. पण इतके दिवस मी गाडीचा कोपरा न् कोपरा तपासला आणि वेग तेवढा तपासला नव्हता.

ओला बारदाना काढून टाकला, छिद्रं मोकळी केली. तेव्हापासून आम्ही घरून पंधरा मिनिटं आधी निघतो. तीन महिने भरल्यावर डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. एक गाठ गेली होती, दुसरी लहान झाली होती. शस्त्रक्रिया नको, असंच चालू ठेवा, म्हणाले.

परतीच्या रस्त्यावर ती मला वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगत होती. ती मुलगी वर्षभर तोंड उघडत नव्हती, आता बाईंचाच आवाज बारीक झाल्यावर बोलायला लागली होती. मागून ट्रकने हॉर्न दिला. मी बाजू दिली. तो धडधडत गेला, मग आणखी एक. ती वाक्याच्या मध्येच थांबली आणि हात मांडीवर ठेवून बसली. मी गाडी तशीच हळू चालवत राहिलो. ट्रक पुढच्या वळणाआड गेले आणि तिने ते वाक्य, जिथे सोडलं होतं तिथूनच, हळू आवाजात पुढे सुरू केलं.