नंबर नसलेला ट्रॅक्टर

एवढा सरळ पोरगा धंदा करणार तरी कसा, हा घोर वंदनाच्या मनातून काही केल्या जात नव्हता. भाजीला फोडणी देताना, झेंडूची फुलं निवडताना, शेजारणीशी बोलता बोलता मध्येच तो डोकं वर काढायचा. दसरा उद्यावर आला होता, आणि शेखरचं पहिलं गिऱ्हाईक आजच हातातून जाईल अशी चिन्हं होती.

शेखर तिचा एकुलता एक, आणि लहानपणापासून तो असाच. एकदा ती त्याला घेऊन माहेरी, जळगाव जामोदला निघाली होती. एस.टी.त तिनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं. कंडक्टरनं सहज म्हणून विचारलं, "कितवीत आहेस रे?"

"सातवीत. अन् मले कालच बारा पूर्ण झाले."

अख्खी बस हसली. वंदनानं पूर्ण तिकीट काढलं आणि माहेर येईपर्यंत त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही. तो मात्र खिडकीशी पाय पसरून बसला होता. "आता कोणी आलं तरी मले मांडीवर घ्या लागत नाही," असं वर तिलाच समजावत होता.

"याच्या अंगात आरटीओ साहेब जन्माले आले," तिचा नवरा गजेंद्र तेव्हापासून म्हणतो.

पुढे शेखरनं खामगावला डिप्लोमा केला, अकोल्यात एका ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये काही वर्षं काढली, आणि यंदा आपल्या उंद्री गावाबाहेर रस्त्याला लागून असलेल्या घरच्या जागेत पत्र्याचं शेड ठोकून एका कंपनीची डीलरशिप घेतली. वंदनाला वाटलं होतं, पाटी रंगवायची, ट्रॅक्टर उभे करायचे, नारळ फोडायचा, झालं दुकान सुरू. पण आधी कागदच सुरू झाले. कंपनीचं अधिकारपत्र, दुकानाची नोंदणी, जीएसटी, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. कंपनी म्हणाली, तुमच्याकडे शिकलेला मेकॅनिक पाहिजे. शेखरनं शालिग्रामला गाठलं. शालिग्रामनं सारा जन्म रस्त्याच्या कडेला बसून इंजिनं खोलली होती, आणि आता साठीला टेकला असताना त्याला ट्रेनिंगसाठी नागपूरला जावं लागलं. जाताना कुरकुरला. येताना कंपनीचा निळा शर्ट घालून आला, आणि तोच शर्ट भाचीच्या लग्नातही घालून गेला. नवरदेवापेक्षा याचेच फोटो जास्त निघाले, असं लोक अजून सांगतात.

शेखरनं एकेक कागद फ्रेम करून भिंतीवर लावला. मधोमध लक्ष्मी, दोन्ही बाजूंना परवाने. शेवटचा एक खिळा मात्र रिकामा होता. तिथं आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट लागायचं होतं. ते असल्याशिवाय डीलरला बिननंबरचा नवा ट्रॅक्टर रस्त्यावर काढता येत नाही, की नोंदणी करून गिऱ्हाइकाच्या ताब्यात देता येत नाही. अर्ज गेला होता, साहेब जागा पाहून गेले होते, कागद सणाच्या सुट्ट्या संपल्यावर मिळणार होता. गजेंद्रनं त्या रिकाम्या खिळ्याला झेंडूचा हार घातला आणि हात जोडले. शेखरला काही ते आवडलं नाही.

आणि ट्रॅक्टर तर बुक झालेला. शेजारच्या गावचे कडूबा, सोयाबीन आणि कांदा करणारे, बायकोला, रुखमाबाईला, घेऊन आले होते. कडूबा हॉर्सपॉवर विचारत होते, डिझेल विचारत होते. रुखमाबाईनं पिशवीतून सुतळी काढली. घरच्या फाटकाचं माप तिनं त्यावर गाठी मारून आणलं होतं. ती सुतळी तिनं ट्रॅक्टरच्या चाकांना आडवी धरली, पुन्हा धरली, आणि मग नवऱ्याला म्हणाली, "हा बसते. घ्या." पुढे कडूबांनी एकही प्रश्न विचारला नाही. शेखरनं तेव्हाच बजावलं होतं, कागद आल्यावरच ट्रॅक्टर मिळेल. "हाव, हाव," म्हणून कडूबा गेले होते.

पण मग ट्रेलरवरून ट्रॅक्टर शेडमध्ये उतरला, बातमी गावात पोचली, आणि कडूबांना दम धरवेना. आज दुपारी वंदना शेखरचा डबा घेऊन शेडवर गेली, तेव्हा ते तावातावानं बोलत होते.

"शेखरभाऊ, गाव तं इथून हाकेवर आहे. कोण पाह्यते?"

"काका, कोणी पाहो नाही तं न पाहो."

"अंधार पडल्यावर नेतो. लाईट बंद करून नेतो."

"हे तं लयच बरं! नंबर नाही अन् लाईटही नाही."

शालिग्रामनं हसू लपवायला बॉनेटमध्ये डोकं घातलं.

"मंग टेम्पोत टाकून दे."

"टेम्पोत टाकला तरी दिला तं दिलाच ना काका. कागदाबिगर मले देता येत नाही."

"अरे, मी भावकीले सांगून बसलो बे! साळ्याले सांगतलं. बँडवाल्याले सांगतलं."

"बँड कायले?"

"मंग काय ट्रॅक्टर मुकाट्यानं आणू?" कडूबांनी मोटरसायकलला किक मारली. "दसऱ्याले माह्या दारात पूजा झाली पाह्यजे. संध्याकाळलोक सांग. नाही तं चिखलीले दुसरा डीलर आहे, तो आजच्या आज देते. पूजेबिगर दसरा म्हणजे भावकीत नाक कापून घेणं आहे."

ते गेले. वंदनानं डबा टेबलावर ठेवला, पण उघडला नाही.

"दे ना रे शेखर. दोन-चार दिवसाचा तं प्रश्न आहे. पहिलंच गिऱ्हाईक गेलं तं गावात काय म्हणतीन? ह्याच्याकडून कोणी घेतच नाही म्हणतीन."

"आई, रस्त्यात पोरगं आडवं आलं, कोणाले लागलं, तं विमा कोण देईन? बिननंबरची गाडी. कडूबाकाका कोर्टाच्या चकरा मारतीन. अकोल्याले पाह्यलं मी हे. माणूस चांगला होता, त्याले घाई होती फक्त."

काळजी करण्यात वंदनाचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. क्षणात तिला वळण दिसलं, नाल्यावरचा पूल दिसला, पुलावर शेळ्या दिसल्या, शेळ्यांमागची म्हातारी दिसली, आणि बँडच्या नादात मागं वळून पाहणारे कडूबाही दिसले. तिनं घाईघाईनं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. सकाळपासून तिला ट्रॅक्टर न दिल्याची भीती होती. आता तो दिला तर काय, याची जास्त वाटायला लागली.

"अन् इथं, आपल्या आवारात चालोला तं?"

"आवारात काय? आपलीच जागा आहे. शालिग्रामकाका रोज दोन चकरा मारून आणतात."

"उगीच नाही मारत," शालिग्राम आतून बोलला. "बॅटरी उतरते."

वंदनानं शेडकडे पाहिलं. समोर मोकळं अंगण होतं, एक कडुनिंब होता, बाजूला पाण्याची टाकी होती. ट्रॅक्टर फाटकाबाहेर जाऊ शकत नव्हता. भावकीला मात्र आत यायला कुणाचं सर्टिफिकेट लागत नव्हतं.

"शेखर, त्यांची पूजा इथंच झाली तं? ते येतीन, बँड येईन, नारळ फोडतीन, आवारात फिरोतीन. फोटोबी काढतीन. ट्रॅक्टर इथंच राहीन."

शेखरनं विचार केला. तो मनात नियम तपासतोय, हे तिला त्याच्या भुवयांवरून कळलं. "चालते," तो शेवटी म्हणाला. "पण काका ऐकत नाहीत माह्यं." त्यानं दोनदा फोन लावून पाहिला. "कापून राह्यले."

"कडूबाले कायले लावता?" शालिग्राम हात पुसत बाहेर आला. "वैनी, त्या घरात मुहूर्त रुखमाबाई ठरोते. तुम्ही बोला. बाईमाणूस बाईमाणसाचं ऐकते."

"मी? मी काय बोलू? मले जमते का हे धंद्याचं?"

"धंद्याचं कुठं? जेवाले बोलवायचं आहे."

जेवण म्हटल्यावर वंदनाच्या डोक्यात आकडे फिरायला लागले. भावकी म्हणजे किती माणसं? बँडवाले धरायचे की नाही? पुऱ्यांची कणीक आजच घ्यावी लागेल, चक्का चिखलीहून मागवावा लागेल, गजेंद्र तर अजून शेतातून आलाच नाही. आणि रुखमाबाई नाही म्हणाली तर? दारातच पाहिजे म्हणाली तर? पण मग तिला वाटलं, नाहीच म्हणाली तर निदान आपण विचारलेलं तरी असेल. पोराला एकट्यालाच नाही म्हणत उभं राहावं लागणार नाही.

बुकिंगच्या वेळी दोघांचे नंबर लिहून घेतले होते. शेखरनं रुखमाबाईचा तिला सांगितला, आणि लगेच पुढे म्हणाला, "आई, ट्रॅक्टर घरी नेता येईन असं चुकून बोलू नको बरं. एका दिवसासाठी म्हणूनही नाही."

"नाही बोलत. तू जेव अगोदर."

तिनं पदर सावरला, अंगणात रेंज चांगली येते म्हणून कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली, आणि रुखमाबाईला फोन लावला.