कड्यांचे पुरावे आणि मी परत मागून घेतलेलं पत्रक

आजवर मी जितकी पत्रकं लिहिली आणि वाटली, त्यांपैकी एकच पत्रक मी दारोदार फिरून परत मागून घेतलं. त्याचं शीर्षक होतं 'पुराव्यांवर दरोडा'. दरोडा पडला होता हे खरंच. दरोडेखोर सापडायला एक दिवस लागला, आणि सापडला तेव्हा तो माझीच ओढणी घालून बसला होता.

आम्ही हिंदी मुलखातले मराठी. आमच्या बाजूला नदीवर एक लहान घाट आहे. तिथे बायकांना कपडे बदलायला पत्र्याच्या सात खोल्या आहेत. दारं सात, आतून कडी एकालाही नाही. कडीसाठी पाडलेली भोकं मात्र आहेत, म्हणजे कोणाच्या तरी डोक्यात कडी आली होती, ती दारापर्यंत पोचली नाही. बाईने आत जायचं, एक पाय दाराला दाबून धरायचा आणि उरलेल्या एका पायावर उभं राहून साडी नेसायची. ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी घरी करून बघावं. नऊवारी असेल तर आधी घरच्यांना सांगून ठेवावं.

माझी काकू दर कार्तिकात महिनाभर पहाटे स्नानाला जायची. मागच्या कार्तिकात ती अशीच एका पायावर असताना बाहेर राखणीला उभी असलेली मैत्रीण चहा घ्यायला चार पावलं सरकली. तेवढ्यात कोणी दार ढकललं, काकूचा पाय सुटला आणि काकू मागच्या बादलीत बसली. अशी बसली की दोघींनी ओढून काढावी लागली. त्या दिवसापासून तिने घाट सोडला. घरच्या मोरीत तांब्या घेते आणि म्हणते, "कडी लागेल तर जाईन. नाही लागली तर हाच माझा कार्तिक."

हे ऐकून माझं डोकं सटकलं. मी कॉलेजात पत्रकं लिहायला शिकले आणि त्याचे नियम माझ्या हाडात आहेत: एक मागणी, एक पान, एक शत्रू. मागणी ठरली, कडी लावा. घेऊन गेले मंगळवारच्या जनसुनवाईत, सरकारी कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे. तिथल्या साहेबांनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं, मागे कोरं आहे याचं त्यांना बरं वाटलं असावं. म्हणाले, "मॅडम, नारे नहीं, रेकॉर्ड लाइए. कौन सा दरवाज़ा, कौन सी तारीख़, किसके साथ क्या हुआ. तीन हफ़्ते बाद आइए. कार्तिक से पहले करवा देंगे."

म्हणजे तीन आठवड्यांनी नोंदी नेल्या तर कड्या. नाही नेल्या तर काकू मोरीत.

काका म्हणाले, "एक रजिस्टर घाल ना." काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, जगातल्या सगळ्या प्रश्नांवर त्यांचा एकच इलाज, रजिस्टर. मी म्हटलं, "काका, रजिस्टर हरवतं." हे वाक्य लक्षात ठेवा.

मला हवं होतं कामांच्या याद्या सांभाळणारं वेब ॲप. मोठ्या कंपन्या प्रकल्प चालवायला वापरतात तसलं, प्रत्येक कामाचं एक कार्ड, कार्ड या रकान्यातून त्या रकान्यात सरकवायचं. आमचे रकाने तीन: 'कडी नाही', 'कडी वाकडी', 'कडी लागली'. तयार मिळतात अशी ॲप, पण आपल्या बायकांच्या तक्रारी परदेशातल्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर का ठेवायच्या? मी त्यावरही पत्रक काढलं असतं, काकूने कागद लपवले म्हणून राहिलं. शेवटी काकांचा जुना कॉम्प्युटर घेतला. माधव नगरच्या त्यांच्या घरात, फ्रिजच्या शेजारी, वर क्रोशाचं झाकण.

ॲप चालवायची युक्ती नेटवर मिळाली. सगळा प्रोग्रॅम एका कंटेनरमध्ये, म्हणजे बंद डब्यात चालतो. त्याच्या माहितीचा वेगळा डबा. डबा बिघडला तर टाकून द्यायचा, नवा तसाच्या तसा उभा करायचा. कोणते डबे, कसे उभे करायचे, हे एका फाइलमध्ये लिहायचं. फाइल तयार मिळाली होती, फक्त उतरवून घ्यायची होती.

मी ती वाचली आणि माझ्यातली पत्रकवाली जागी झाली. फाइल दीड पान. दीड पान कोण वाचतं? कॉमेंट, म्हणजे समजुतीसाठी लिहिलेल्या टिपा, काढल्या. मग दिसलं की एक नाव आधी डब्याच्या खाली येतं आणि तळाशी तेच नाव पुन्हा येतं. एकच गोष्ट दोनदा सांगणं म्हणजे कमकुवत लिखाण. मी दोन्हीकडून उडवलं. फाइल एका पानात बसली आणि पहिल्या फटक्यात चालली. मी काकांना म्हटलं, "बघा, संपादन याला म्हणतात."

पुढचे पंधरा दिवस आम्ही नोंदी केल्या. रोज घाटावरून बायका फोन करायच्या, काकू फ्रिजशेजारी स्टुलावर बसून एकेका बोटाने टाइप करायची. 'दार दोन. पाय घसरला. सासूबाई रागावल्या.' 'दार चार. बाहेरून पोरांनी नव्हे, बकरीने ढकललं.' 'दार सहा. गाईने डोकं आत घातलं. गाय बाहेर जाईना, मी गेली.' इतकं स्वच्छ गद्य मला आयुष्यात जमलेलं नाही. प्रत्येक कार्डावर तारीख, नाव, दाराचा फोटो. मंगळवारी साहेबांपुढे हे ठेवायचं, बस.

शुक्रवारी काका-काकूंना लग्नाला देवासला जायचं होतं. काका घरातून निघताना गॅस, नळ, खिडक्या, सगळं तीनदा बघतात. कॉम्प्युटर बंद कसा करायचा ते मी कागदावर लिहून ठेवलं होतं. त्यात दोन रीती होत्या. एक, डबे नुसते थांबवा. दोन, डबे उतरवा. काकांनी दुसरी निवडली. का, ते त्यांनी नंतर सांगितलं: "नुसतं थांबवणं म्हणजे काय? पार्सलचा डबा आम्ही अर्धवट कधी सोडला नाही. काम झालं की पूरा खाली, मगच घर."

रविवारी दुपारी ते परत आले, त्यांनी डबे पुन्हा उभे केले आणि काकूने मला फोन केला. "इकडे ये गं. हे आपल्याला ओळखत नाही."

स्क्रीनवर लिहिलं होतं: स्वागत आहे, तुमचा पहिला प्रकल्प सुरू करा. दारं नाहीत, बकरी नाही, गाय नाही, सासूबाई नाहीत. मंगळवारला एक दिवस उरलेला.

आता एखाद्या शहाण्या मुलीने आधी फाइल उघडली असती. मी कोरा कागद उघडला. एक मागणी, एक पान, एक शत्रू. शत्रू ठरवायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ज्यांना कड्या लावायच्या नाहीत त्यांनीच आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून महिलांचे पुरावे पळवले. "कोण शिरलं?" काकांनी विचारलं. "यंत्रणा," मी म्हटलं. "यंत्रणा देवासला आलेली का आमच्या मागे? घराला कुलूप होतं." मी पुढची ओळ लिहिली. पत्रकात शंकेला जागा नसते.

सोमवारी सकाळी माधव नगरात वाटलं, मग राम घाटावर. तिथे आमच्या घराण्याचे तीर्थपुरोहित बसतात, छत्रीखाली, लाकडी पाटावर. आमच्या आजोबांचे आजोबा या गावात कधी आले ते आम्हाला माहीत नाही, त्यांच्या बहीत, म्हणजे घराण्यांच्या वहीत, लिहिलेलं आहे. मी पत्रक दिलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. हे माझ्या वाचकांत फार कमी जणांनी केलेलं आहे.

"बिटिया, ताला टूटा?"

"नाही, पंडितजी."

"तो चोर नहीं है. रखा कहाँ था?"

"डब्यात. कॉम्प्युटरच्या."

"और डब्बा?"

"काकांनी उतरवला. मग नवा उभा केला."

त्यांनी पत्रकाची घडी घातली आणि छत्रीच्या दांड्याकडे बोट दाखवलं. "ये छतरी मेरी पाँचवीं है. पाट तीसरा. नदी हर दो-चार साल में सब ले जाती है, हम नया लगा लेते हैं. तुम्हारे परदादा का नाम गया क्या? नहीं गया. क्यों? बही छतरी के नीचे नहीं रखता मैं. बही घर पे, ऊपर के माले पे, लोहे की पेटी में. सुबह लाता हूँ, शाम को ले जाता हूँ. तुमने बही छतरी से ही बाँध दी थी?"

मला ते दोनदा आलेलं नाव आठवलं.

काकांच्या घरी येऊन मूळ फाइल काढली. ते नाव एका पेटीचं होतं. वरच्या ओळीत सांगितलेलं, डब्यातल्या नोंदी या पेटीत ठेवा. तळाशी सांगितलेलं, अशी एक पेटी आहे, डबा गेला तरी ती राहील. कमकुवत लिखाण नव्हतं ते. त्या दीड पानात कामाचं तेवढंच होतं आणि मी नेमकं तेच कापलं होतं.

काकांना सांगितलं. ते रागावले नाहीत, हा त्यांच्यातला मोठा दोष आहे, भांडायला मजा येत नाही. मी म्हटलं, आता सगळं पुसते, नव्याने मांडते, रात्रभर बायकांना फोन करते. नेटवर लिहिलंच होतं, वापरात नसलेलं सामान साफ करण्याची एक आज्ञा आहे. मी ती टाइप केली. एंटर दाबणार, तर काकांनी कीबोर्डच माझ्या हाताखालून ओढून घेतला.

"काय साफ करतेस ते बघितलं का आधी?"

"बेवारस सामान आहे, काका."

"लावारिस पार्सल फेकतात का कधी? छत्तीस वर्षं मी काय केलं? गोदामात ठेवतात, यादी करतात, तोंड उघडून बघतात कोणाचं आहे. यादी काढ."

यादी काढली. पेटीला नाव दिलं नाही तर ॲपने आपल्या मनाने एक पेटी केलेली असते, हे मला तेव्हा कळलं. आकडे आणि अक्षरांचं हातभर लांब नाव, पार्सलवरचा पत्ता पावसात भिजावा तसं. अशा दोन पेट्या. एक रविवारची, जवळपास रिकामी. दुसरी पंधरा दिवसांची. कोणाशी जोडलेली नाही, पण जागेवर. काका स्टूल ओढून बसले. "उघड."

उघडली. बकरी होती. गाय होती. सासूबाई रागावलेल्या होत्या. काकूने पदराने स्क्रीन पुसली, स्क्रीनला काही झालेलं नव्हतं.

फोटो मात्र गेले. ते या पेटीत नव्हतेच, प्रोग्रॅमच्या डब्याच्या पोटात होते, आणि तो डबा काकांनी शुक्रवारी पूरा खाली केला होता. फोनमधले आम्ही केव्हाच पुसले होते, आणि नवे काढायचे तर रात्र झालेली, सुनवाई सकाळीच. मी कापलेल्या ओळी परत लिहिल्या, दोन्ही ठिकाणी, शिवाय फोटोंसाठी आणखी एक पेटी. फाइल पुन्हा दीड पान झाली. पेट्यांना नावं दिली, 'कडी' आणि 'कडीचे फोटो'. मग काकांनी सगळे डबे आपल्या हाताने उतरवले, पुन्हा उभे केले आणि बकरी मोजली. एकच होती, जागेवर होती. त्यांनी हे आणखी दोनदा केलं. पार्सलवाले.

मंगळवारी काकू माझ्याबरोबर आली. साहेबांच्या टेबलावर माझं पत्रक होतं.

"चोर मिला, मॅडम?"

"मिला, साहब. मैं ही थी." आणि मी सांगितलं, कसं ते. हे वाक्य म्हणायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी दोन पत्रकं लिहिली असती.

साहेब हसले नाहीत, त्यांनी छापून आणलेल्या नोंदी वाचल्या. गाईपाशी थोडे थांबले. मग म्हणाले, "फ़ोटो नहीं है. फ़ोटो के बिना कैसे मानें कि कड़ी नहीं है?"

मी तोंड उघडलं होतं. काकूने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि साहेबांच्या खुर्चीमागच्या लहान दाराकडे बघितलं. "साहब, वो आपका बाथरूम है ना?"

"जी."

"उसकी कड़ी हफ़्ते भर के लिए मुझे दे दीजिए. फिर फ़ोटो की ज़रूरत नहीं पड़ेगी, आपको भी समझ में आ जाएगा."

साहेबांनी नोंदींवर सही केली.

त्याच संध्याकाळी मी पत्रकं गोळा करत फिरले. बरीच भजीवाल्यांकडे पोचली होती, तेलात भिजलेली मीही परत मागितली नाहीत. नवं पत्रक काढलं, चार ओळींचं: दरोडा पडला नव्हता, चूक माझी होती, नोंदी सापडल्या आहेत, कड्या येत आहेत. पंडितजींनी तेही पूर्ण वाचलं आणि बहीत ठेवून दिलं. आता माझ्या नातवंडांनाही कळणार.

कड्या कार्तिक लागायच्या चार दिवस आधी आल्या. सातच्या सात. सगळ्या दारांना बाहेरून लावलेल्या.

मी त्या पत्र्यासमोर उभी राहिले आणि माझ्या डोक्यात शीर्षकं येऊ लागली. काकू म्हणाली, "लिहू नकोस. आधी कार्डात टाक." ॲप आता माझ्या फोनवरही उघडत होतं. मी चौथा रकाना केला, 'कडी बाहेरून', आणि सातही दारं त्यात सरकवली. फोटो काढले, पेटीत पोचल्याची खात्री केली. तोवर काकांनी पिशवीतून पेचकस काढला होता. आतली भोकं तशीच होती, कडीची वाट बघत. काका एकेक कडी उतरवून आत बसवत गेले, प्रत्येकीला दोनदा लावून बघत, आणि मी एकेक कार्ड 'कडी लागली'च्या रकान्यात सरकवत गेले.

कार्तिकाच्या पहिल्या पहाटे काकू चार नंबरच्या दारात शिरली. कडी लागल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर ओल्या साड्यांत रांग लागली. एकीने दार वाजवलं, "अहो काकू, झालं का?"

"झालं केव्हाच," आतून आवाज आला. "जरा दोन पायांवर उभी आहे."