आईला मंडई दाखवताना

मी नोकरीसाठी अमरावतीहून पुण्याला आले, वाघोलीत राहू लागले, तेव्हा थोड्याच दिवसांत आईलाही इकडे आणायचं ठरलं होतं. मग तिचे गुडघे गेले. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून रविवारी मी तिला फोनवरून पुणं दाखवायचे.

तिला सगळ्यात आवडायची मंडई. मी व्हिडिओ कॉल लावून गाळ्यांमधून हिंडायचे आणि ती तिकडे बसून भाजी निवडायची. "ते वांगे पाह्य, कसे चकचकीत हायेत. घे ना वं!" एकदा वांगीवाल्या बाईंनी ते ऐकलं आणि मान वर न करता विचारलं, "पैसेही तिकडूनच देणार का?" आई कितीतरी वेळ हसत होती.

एका रविवारी तिला अंजिरं दाखवत होते. मागून टोपली घेऊन येणाऱ्या माणसाचा धक्का लागला आणि फोन फरशीवर पालथा पडला. उचलला तर काच फुटलेली, स्क्रीन काळी. आईचा आवाज मात्र येत होता.

"पोरी? काही दिसत नाही वं. हाये का तू?"

"आहे गं आई, आहे," मी त्या काळ्या काचेला सांगितलं.

फोन घेताना दुकानदाराने आग्रह करून विमा उतरवायला लावला होता. मैत्रिणीच्या फोनवरून क्लेमसाठी कॉल लावला. पलीकडचा मुलगा फार नम्रपणे बोलत होता.

"मॅडम, फोन पडला तेव्हा आपण काय करत होतात?"

"आईला मंडई दाखवत होते."

"म्हणजे आई आपल्यासोबत होत्या?"

"नाही," मी म्हणाले, "एकटीच होते."

"ठीक आहे मॅडम. अपघाताने पडला, असं लिहितो."

फुटलेल्या काचेचे फोटो पाठवले, बिल शोधून पाठवलं, फोन दुरुस्तीला गेला. तोवर मैत्रिणीने तिचा बटणांचा जुना फोन वापरायला दिला. त्यावर नुसतं बोलता यायचं.

व्हिडिओवर आई कायम खुर्चीत असायची, केस विंचरलेले, पदर नीट. "बरी आहेस ना?" विचारलं की म्हणायची, "मले काय धाड भरली?" तो हसरा चेहरा बघून माझा विश्वास बसायचा. आता फक्त आवाज होता, आणि बोलताना तिला दम लागत होता. दुसऱ्या दिवशी मागून शेजारच्या वहिनींचा आवाज आला. "काकू, उठू नका ना. पोळ्या आणल्या मी. पाय अजून सुजलेलाच हाये तुमचा."

"आई, पायाला काय झालं?"

"काही नाही. मुरगळला थोडा."

"कधी?"

वहिनींनीच फोन घेऊन सांगितलं. आई न्हाणीघरात पडली होती, त्यालाही बरेच दिवस झाले होते. रविवार आला की वहिनी तिला उठवून, केस विंचरून खुर्चीत बसवत होत्या.

मी रजा टाकली आणि वाघोलीतूनच ट्रॅव्हल्स पकडली. सकाळी पोचले तेव्हा आई पलंगावर पडलेली होती. मला बघून तिने आधी हाताने केस सारखे केले. ते हात किती वाळले होते! व्हिडिओत ते कधी आलेच नव्हते. मी तिच्या उशाशी बसले. तिने माझं मनगट धरलं आणि चहा झाला तरी सोडलं नाही.

तिच्या पायाला शेक देत असताना एका दुपारी पुण्याहून फोन आला. क्लेम मंजूर झालाय, फोन तयार आहे, घेऊन जा.

"कोन होतं?" आईने विचारलं.

"फोन दुरुस्त झाला म्हणे."

"बरं झालं," ती म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून, हळूच, "म्हंजे आता जाशीन."

"राहते अजून चार दिवस."

राहिले, आणि मग आलेच. निघताना तिला दारापर्यंत यायचं होतं. मी येऊ दिलं नाही.

हल्ली सुट्टीच्या दिवशी मी तळमजल्यावरची जागा शोधत फिरते. वाघोलीत मनासारखी मिळेना, म्हणून परवा पार बिबवेवाडीला जाऊन एक बघून आले. दोन खोल्या, पायरी एकच, पण अंधाऱ्या. आईला सांगितलं, दिवसासुद्धा दिवा लावावा लागेल.

"अंधार चालते मले," ती म्हणाली.