वरच राहिलेला हात

आमच्या घरात लोकशाही मी आणली. कोणी मागितली नव्हती.

इथे आखातात, ऊद मेथा भागातल्या एका शाळेत आईला नोकरी मिळत होती. बाबा आणि काकांना मात्र 'घरचं कोण बघणार?' ही चिंता खात होती. (घरचं म्हणजे या दोघांचा चहा!) मी पत्रकं काढून फ्रिजवर चिकटवली, नियम लिहिले, बाबांना अध्यक्ष केलं आणि अल मनखूलमधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मतदान लावलं.

"आईच्या नोकरीच्या बाजूने कोण?"

आई, धाकटी सई आणि मी. मी तर मोर्चातल्यासारखा झटक्यात हात उंचावला! कट्! आधीही निखळलेला माझा खांदा पुन्हा निखळला आणि हात डोक्यावर अडकला.

"आई गं, मेले!"

"भाषण नंतर," काका म्हणाले. "विरोधात कोण?"

बाबा, काका... आणि माझा हात. खाली येईचना मेला!

"दोन्हीकडे हात? मत बाद!" काका खूश. "बरोबरी! आता अध्यक्ष ठरवणार. तुझाच नियम. खलास!"

"गाईज, शी नीड्स ॲन ॲम्ब्युलन्स," सई म्हणाली.

हॉस्पिटलात खांदा बसवला. पण डॉक्टर म्हणाले, "ये फिर निकलेगा." बंध पार फाटले होते. मांडीतली कंडरा काढून खांद्यात बांधायची होती.

"म्हणजे हात गेलाच, आता पायही घालवणार?" काका किंचाळले.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बाबा विरघळले. आईला म्हणाले, "सुमन, तू जा नोकरीला. मी नाही अडवणार."

जिंकलो आम्ही! स्ट्रेचरवरून मी घोषणा देणार, तोच आईने विचारलं, "आणि हिला अंघोळ कोण घालणार? तुम्ही?"

बाबा चहा आणायला निघाले.

शाळा थांबली नाही. जागा दुसऱ्या बाईंना गेली. माझा उजवा हात झोळीत, मांडीला टाके. वेणी, बटणं, सगळं आईच्या गळ्यात. बायकांना घरात डांबणाऱ्यांविरुद्ध मी ढीगभर पत्रकं लिहिली. आईला डांबलं ते माझ्या एका खांद्याने!

काल ती वरणभात कालवून समोर बसली. मला राहवेना. "आई, ही सगळी व्यवस्थाच..."

"तोंड उघड," ती थकून म्हणाली. "बोलायला नाही. जेवायला."

व्यवस्थेने निमूटपणे आ केला.